कारखान्यात दिव्यांगांविषयीचे प्रशिक्षण कसे घ्यावे: सोलापुरातल्या नव्या एचआरसाठी

३ डिसेंबर जवळ आला की सोलापुरातल्या बऱ्याच कारखान्यांत एचआरच्या टेबलावर मालकाचा निरोप येतो, "दिव्यांग दिनाचा काहीतरी कार्यक्रम घ्या." मग बॅनर छापून येतो, कुणाला तरी बोलावून टॉवेल-टोपी दिली जाते, फोटो निघतात, चहा आणि चुरमुऱ्यांचा सुशीला होतो आणि दुपारच्या पाळीला सगळे पुन्हा आपापल्या मागावर. तेवढेच करायचे असेल तर पुढचे वाचायची गरज नाही. पण अक्कलकोट रोड एमआयडीसी, चिंचोळी किंवा होटगी रोडच्या एखाद्या टेरी टॉवेलच्या, चादरीच्या किंवा युनिफॉर्मच्या युनिटमध्ये तुम्ही नुकतेच लागला असाल आणि "हे प्रशिक्षण तू बघ" असे सांगून फाइल तुमच्याकडे सरकवली असेल, तर कुठून सुरुवात करायची ते सांगतो.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. प्रशिक्षणातून माणसांची मने बदलण्याच्या मागे लागू नका, त्यांच्या कामाच्या सवयी बदला. सुपरवायझर सूचना कशी देतो, वॉचमन गेटवर काय विचारतो, नोटीस कुठे आणि कशी लागते, एवढे बदलले तरी खूप झाले. दया तर आपल्याकडे आधीच भरपूर आहे, आणि बहुतेक वेळा तीच आड येते. "राहू दे, तुला झेपणार नाही" हे वाक्य मायेनेच म्हटले जाते आणि त्यातच एखाद्याची बढती जाते.

पहिली पायरी: कायदा किती लागतो ते पाहा

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. ही यादी छापून मालकासमोर ठेवा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कुबडी आणि काळा चष्मा एवढेच येते. यादीत मात्र सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार, पार्किन्सन, स्वमग्नता, मानसिक आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता, कुष्ठरोगातून बरे झालेले, ॲसिड हल्ल्यातले पीडित असे सगळे आहेत. "आपल्याकडे तसलं कुणी नाही" असे म्हणणारा मालक यादी वाचताना मध्येच थांबतो, आणि त्याला दोन-तीन चेहरे आठवतात.

मालकाचा पहिला प्रश्न आरक्षणाचा असेल. ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांना आहे, खासगी कारखान्याला नाही. पण समान संधी धोरण खासगी आस्थापनेलाही करावे लागते. २० किंवा त्याहून जास्त माणसे असतील तर त्या धोरणात बरेच काही लिहावे लागते: दिव्यांगांना योग्य अशी पदे कोणती, निवड कशी होईल, प्रशिक्षण आणि बढतीत काय सोय असेल, साधने कोणती देणार. शिवाय एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. धोरणाची प्रत राज्य आयुक्तांकडे नोंदवायची असते; महाराष्ट्राच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. धोरण वेबसाइटवर टाका. वेबसाइट नसेल तर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा, साहेबांच्या केबिनमधल्या कपाटात नव्हे.

कायद्याची कलमे मोडली तर पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडली तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. आणि चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला, तर कलम ९२ खाली ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे शेवटचे सुपरवायझरांना सांगायचेच, पण सुरुवातीला नको. भीतीने सुरू झालेल्या वर्गात कुणी तोंड उघडत नाही.

दुसरी पायरी: माहिती घ्या, पण चावडीवर नको

"कुणाला काही अपंगत्व आहे का, हात वर करा" असे शेडमध्ये कधीही विचारू नका. एक साधा फॉर्म काढा. त्यात दोनच प्रश्न पुरेत: काम करताना तुम्हाला कशाची अडचण येते, आणि काय केले तर सोपे जाईल? फॉर्म सगळ्यांना द्या. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याशी एकट्याने बोला, त्याला येणाऱ्या भाषेत. सोलापुरात हे विसरून चालत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतल्या कामगारांशी तेलुगूत, अक्कलकोटकडून येणाऱ्यांशी कन्नडमध्ये, कुणाशी दखनी हिंदीत बोलणारे माणूस लागेल. तो दुभाषा त्याचा सुपरवायझर नसावा.

ज्यांच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र आहे, त्यांच्या कार्डाचा रंग तुम्हाला दिसेल: अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. कार्ड नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून द्यायला मदत करा आणि तपासणीच्या दिवसाची पगारी रजा द्या. रोजंदारीवरच्या माणसाचे कार्ड बहुधा कागदांमुळे अडत नाही, बुडणाऱ्या खाड्यामुळे अडते. आणि कार्ड नाही म्हणून सोय नाही, असे करू नका. टेबल दोन इंच उंच करायला कुणाचे प्रमाणपत्र लागत नाही.

एक हिशेबाची बाब मालकाच्या कानावर घाला. ईएसआयसाठी, म्हणजे कामगार विम्यासाठी, पगाराची मर्यादा इतरांना २१ हजार आहे, दिव्यांग कामगाराला २५ हजार. पगारवाढीनंतर एखाद्याचे ईएसआय चुकून बंद झाले नाही ना, ते तपासा.

माहिती मिळाली की कुलुपात ठेवा. मानसिक आजाराची नोंद टाइम ऑफिसातून कॅन्टीनपर्यंत पोचायला एक चहा पुरतो.

तिसरी पायरी: गेटपासून संडासापर्यंत फेरी मारा

प्रशिक्षणाआधी ही फेरी झालीच पाहिजे. एकीकडे "समावेशन" शिकवायचे आणि त्या हॉलला तीन पायऱ्या असायच्या, हे लोकांच्या लगेच लक्षात येते. फेरी एकट्याने मारू नका. चाकाची खुर्ची, कुबडी किंवा पांढरी काठी रोज वापरणारे माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्या वेळेचे पैसे द्या.

उताराचा हिशेब सोपा आहे. १ इंच उंचीला १२ इंच लांबी. म्हणजे ६ इंचाच्या एका पायरीला ६ फुटांचा रॅम्प, आणि १८ इंच चढायचे असेल तर १८ फुटांचा. गवंडी "साहेब, एवढा कशाला, चार फुटांत बसवतो" म्हणेल. बसवेलही. पण त्या उतारावरून भरलेली ढकलगाडीसुद्धा नीट चढणार नाही, खुर्ची तर लांबच. दरवाजा ९० सेंटीमीटर रुंद हवा. रुंद दरवाजासमोर सुताच्या गाठी आणि मागाचे रिकामे बीम रचून ठेवले असतील तर त्या रुंदीचा उपयोग काय? माझ्या मते जुन्या शेडमधल्या निम्म्या अडचणी बांधकामाच्या नसून अशा पसाऱ्याच्या असतात, आणि त्या एका दुपारी मिटतात.

संडास पाहाच. निदान एक कमोड, बाजूला धरायला दांडा, आतून खुर्ची वळेल एवढी जागा, आणि कडी खाली. हे नसेल तर माणसे दिवसभर पाणी पीत नाहीत. सोलापूरचा एप्रिल-मे आठवा, पारा ४२-४३ ला सहज जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. मणक्याला इजा झालेल्या अनेकांना इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, अंग आतल्या आत तापते. सिकलसेलच्या माणसाला पाणी कमी पडले तर वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून पिण्याचे पाणी हाताशी, जागा पंख्याजवळ, आणि उन्हाळ्यात सकाळची पाळी. याला कायद्यात वाजवी सोय म्हणतात, आणि ती नाकारणे हा भेदभावच धरला जातो.

गेटबाहेरही पाहा. मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटी घेऊन येणाऱ्याला सावलीतली, गेटजवळची जागा द्या. चिंचोळीपर्यंत शेअर रिक्षाने येणाऱ्याला तेही नसते. त्याला पाळीच्या वेळेत पंधरा-वीस मिनिटांची सूट द्यावी लागेल.

चौथी पायरी: शिकवणारा कोण

शिकवणारी व्यक्ती शक्यतो स्वतः दिव्यांग असावी आणि तिला कारखान्याचे काम माहीत असावे. जिल्ह्यातल्या दिव्यांगांच्या संघटना, कर्णबधिर आणि अंध मुलांच्या शाळांतले शिक्षक यांच्याकडे विचारा. मानधन आधी ठरवा आणि चेकने द्या. टॉवेल-टोपी वरून द्यायची तर द्या, सोलापूरचे टॉवेल चांगलेच असतात, पण मानधनाच्या जागी नको.

कर्णबधिर प्रशिक्षक किंवा कामगार असतील तर भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषा लागेल. तासाभराहून जास्त सत्र असेल तर दोन दुभाषे बोलवा. साधारण वीस मिनिटांनी हात आणि डोके दोन्ही थकतात. कामगाराच्या भावाला किंवा बायकोला दुभाषा करू नका. घरच्या माणसासमोर कुणी नोकरीतली तक्रार सांगत नाही.

आपल्याच दिव्यांग कामगाराला उभे करून "तुझा संघर्ष सांग" म्हणणे टाळा. त्याने स्वतःहून बोलायचे ठरवले तर वेगळी गोष्ट. डोळ्याला पट्टी बांधून चालायला लावण्याचा खेळही टाळा. पट्टी बांधलेला माणूस दोन मिनिटांत घाबरतो आणि "बाप रे, यांचे काय हाल" एवढेच शिकून उठतो. वर्षानुवर्षे न पाहता काम करणाऱ्याचे कसब त्याला त्यातून काहीच कळत नाही.

पाचवी पायरी: आधी सुपरवायझर, मग बाकीचे

क्रम असा ठेवा: मालक आणि मॅनेजर, मग सुपरवायझर, जॉबर (मागांची दुरुस्ती पाहणारे), वॉचमन आणि टाइम ऑफिस, आणि शेवटी कामगार. मालकाने निदान पहिले सत्र पूर्ण बसून ऐकावे. दीपप्रज्वलन करून तो निघून गेला की बाकीच्यांना हा विषय किती महत्त्वाचा ते बरोबर कळते.

आता पैशाची गोष्ट, जिच्यावर सगळे अडते. आपल्याकडे कितीतरी जण नगावर, डझनावर किंवा मीटरवर काम करतात. त्यांना दीड तास खुर्चीवर बसवले तर त्यांची दीड तासाची मजुरी गेली. मग ते दिव्यांगांविषयी ऐकत असताना मनात हिशेब करत असतात, आणि राग नकळत त्या दिव्यांग सहकाऱ्यावर निघतो. म्हणून सत्राच्या वेळेची सरासरी मजुरी द्या आणि ती देणार हे आदल्या दिवशीच फळ्यावर लिहा. तेवढे बजेट नसेल तर सत्र लहान करा, पण फुकट बसवू नका. पगाराचा दिवस टाळा, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा टाळा. एका वेळी वीस-पंचवीस माणसे पुरेत.

सहावी पायरी: सत्रात काय करायचे

कायद्याला दहा मिनिटे, बाकी सगळा वेळ प्रसंगांना. तुमच्याच शेडमधले प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहा आणि गटांना विचारा, तुम्ही काय कराल?

सुरुवात ऐकण्यापासून करा, कारण सोलापुरात हा विषय सगळ्यांचा आहे. यंत्रमागाच्या खात्यात आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्याने ठरवलेल्या कामाच्या आजारांच्या यादीत आहे. वर्षानुवर्षे माग चालवलेल्या काकांना विचारा, घरी टीव्ही किती मोठा लावता? हशा पिकतो, आणि "ते" आणि "आपण" ही भिंत तिथेच थोडी खाली येते. शिवाय मागांच्या खडखडाटात सगळेच हाताने, ओठांच्या हालचालीने बोलतात. म्हणजे कर्णबधिर सहकाऱ्याशी बोलायची निम्मी तयारी या लोकांची आधीच झालेली असते, फक्त ती कुणी मोजलेली नसते. ते वळण पकडून पुढचे सांगा: समोरून या, मागून खांद्यावर थाप मारून दचकवू नका, तोंड दिसेल असे उभे राहा, ओरडू नका, सूचना मोबाइलवर लिहून दाखवा. आगीच्या भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा लावा. सराव केला तेव्हा कर्णबधिर कामगार ओव्हरलॉकवर शिवतच राहिला तर चूक त्याची नाही. संकेतांपैकी नमस्कार, थांब, धोका, पाणी, सुट्टी, सुई तुटली असे पंधरा-वीस शब्द त्याच सत्रात शिकवून घ्या. शिकवणारा कर्णबधिरच असू द्या.

नजर नसलेल्या किंवा कमी असलेल्या सहकाऱ्यासाठी ऑफिसातल्यांनी सवयी बदलायच्या. जवळ गेल्यावर आपले नाव सांगा, निघताना "जातो" म्हणा. वाट दाखवताना त्याला ओढू नका, आपले कोपर धरू द्या. टेबलावरच्या वस्तू न सांगता हलवू नका. एनव्हीडीए हे संगणकावरचे फुकट सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते, मोबाइलवर टॉकबॅक असते. पण बिलाचा फोटो काढून पीडीएफ केलेली असेल तर त्यात वाचायला अक्षरेच नसतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर सुट्टीच्या नोटिशीचा फोटो टाकला की खाली तोच मजकूर टाइप करायचा, हा नियम आजच लावता येतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा पॅकिंगला असेल तर एका वेळी एकच सूचना द्या, नमुन्याचा एक डझन बांधून समोर ठेवा, साइजप्रमाणे रंगीत क्रेट लावा. पाळी बदलायची असेल तर आधी दोन-तीन दिवस सांगत राहा. गंमत अशी की रंगीत क्रेट लावल्यावर बाकीच्यांच्याही साइजच्या चुका कमी होतात.

कुष्ठरोगातून बरे झालेल्यापासून लागण होत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. डबा वेगळा ठेवण्याची सवय अजून आहे. त्याच वेळी त्याच्या हातांना चटका कळत नसेल तर वाफेच्या इस्त्रीवर त्याला उभे करू नये. कुठले काम जमेल ते त्यालाच विचारून ठरवा. मानसिक आजारावर गोळ्या घेणाऱ्याची रात्रपाळी ही नेहमीची अडचण आहे, झोप बिघडली की तब्येत बिघडते. पाळी बदलून द्या, कारण इतरांना सांगू नका.

फिटसाठी (मिरगीसाठी) वेगळी दहा मिनिटे ठेवा. यादीत तिचे स्वतंत्र नाव नसले तरी शेडमध्ये तिची गाठ कधीतरी पडतेच. आणि पडली की कुणी कांदा आणतो, कुणी चप्पल नाकाला लावतो, कुणी दातांत चमचा घालतो. यातले काहीच करायचे नाही. जवळचे यंत्र बंद करा, डोक्याखाली कपडा ठेवा, माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ लावा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर रुग्णवाहिका. हे प्रत्यक्ष जमिनीवर झोपून करून दाखवा.

बोलण्याच्या रीतीवर व्याख्यान नको. एकच नियम सांगा, माणसाला त्याच्या नावाने हाक मारा. "लंगड्या", "मुक्या" ही नावे कुणी लाडाने ठेवली असली तरी पगारपत्रकावर जे नाव आहे तेच शेडमध्येही. जॉबर म्हणेल, "अहो, त्याला राग येत नाही." त्यावर शांतपणे विचारा, आल्यावर तो कुणाला सांगणार होता?

सातवी पायरी: पंधरा दिवसांत काहीतरी दिसले पाहिजे

सत्रात निघालेल्या मागण्यांपैकी दोन तरी पंधरा दिवसांत पूर्ण करा. दांडा, दिवा, उंच टेबल, काहीही. मोठ्या गोष्टींना तारीख द्या आणि जबाबदार माणसाचे नाव लिहा. सोय मागण्यासाठी अर्धा पानाचा अर्ज मराठीत ठेवा. नकार द्यायचा असेल तर कारण लेखी द्या, म्हणजे देणाराही दोनदा विचार करतो.

मुलाखतीची पद्धत याच सुमारास तपासा. शिलाईच्या जागेसाठी शिलाई करून घ्या, "घरी कोण सांभाळतं?", "लग्न झालंय का?" हे प्रश्न तिथे कशाला? आणि कामावर असताना अपघातात हात किंवा पाय गेलेल्या जुन्या कामगाराचाही विचार करा. त्याला सरळ घरी बसवण्याआधी तपासणी, सूत मोजणी, स्टोअर यांपैकी काय जमते ते त्याच्यासोबत बसून पाहा. मागाचा कान असलेला माणूस बसल्या जागीही बिघाड ओळखतो.

तीन महिन्यांनी पुन्हा फेरी मारा. फीडबॅक फॉर्मवर "कार्यक्रम छान झाला" असेच लिहिलेले असते, त्यावर जाऊ नका. त्याऐवजी पाहा: रॅम्पवर गाठी परत ठेवल्या आहेत का, कर्णबधिर कामगाराला मीटिंगला बोलावले होते का, त्या काळात किती दिव्यांग कामगार काम सोडून गेले आणि का, ओव्हरटाइम वाटताना त्यांना विचारले जाते का. वॉचमन मामा बदलले असतील तर नव्या मामांना पहिल्याच आठवड्यात गेटवर उभ्या उभ्या वीस मिनिटे द्या: स्कूटी कुठे लावू द्यायची, चाकाची खुर्ची न विचारता ढकलायची नाही, आणि दिव्यांग माणूस आला तर "काम नाही, पुढे जा" म्हणण्याआधी तो कशासाठी आला आहे ते विचारायचे.